दोन बोटं कमी

कारंजा (लाड), जि. वाशीम
५ जानेवारी २०२४

ती. सौ. ताईस,
पूर्णिमाचा सा. न. वि. वि. तुझा ताप पुरता उतरला असेल आणि तोंडाला चव आली असेल, असं धरून लिहिते.

फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मग भाऊजी फोन घेतात आणि माझी दहा वाक्यं तुला एका वाक्यात सांगतात. इकडे माझा फोन सुनेच्या, चैतालीच्या, हातात, आणि तो बोलतो सगळ्या घराशी. त्यापेक्षा आपलं टपाल बरं. पंचवीस वर्षांपूर्वी तू कागदाची मापं कापून पाकिटातून पाठवायचीस आणि मी त्यावरून शिवण शिकले, तेव्हापासून माझा टपालावर जीव आहे.

बातमी अशी की मला नोकरी लागली. लिहितानाही हसू येतं. छप्पन्नाव्या वर्षी, सातवी झालेल्या बाईला. तीही नारायण पेठेत रणजितच्या कारखान्यात, जिथून तुझ्याकडे नऊवाऱ्या शिवायचे गठ्ठे येतात तिथेच. डिसेंबरात मी तुझ्याकडे आले आणि तू तापाने फणफणलीस, तेव्हा सहा नऊवाऱ्यांची तारीख डोक्यावर होती म्हणून त्या मी शिवून पोचवल्या. रणजितने त्यातली एक तिथल्या मुलीला घालायला लावली. तिला उठाबशा काढायला लावल्या, मांडी घालून बसवलं, फुगडीसारखं गिरकवलं. कुठे ओढलं नाही की उसवलं नाही. मग त्याने विचारलं की आसनाखाली, दोन पायांच्या मधे, हा तुकड्याचा जोड कुणी दिला. मी दिला म्हणून सांगितलं. त्याने फोन नंबर घेतला. तुला तेव्हा बोलले नाही, कारण त्यातून काही निघेल असं वाटलंच नव्हतं.

दोन तारखेला कुरिअरने करारपत्र आलं. चार पानं, सगळं इंग्रजीत. चैतालीने मराठी करून सांगितलं. पद आहे मुख्य कटिंग मास्तर. बाईला मास्तर कसं म्हणायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. प्रत्येक पानावर सही मागितली होती. पहिली वाकडी गेली, पुढच्या तीन सरळ आल्या. एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं. सह्या केलेला कागद संतोष काल पाठवून आला.

ताई, मी इथे कुणाला जड झालेली नाही. मुलगा चांगला आहे, सून तर त्याहून चांगली. पण हे गेल्यापासून आठ वर्षं मी या घरात आईंना विचारा आणि आईंना कशाला त्रास, या दोहोंच्या मधे कुठेतरी बसून आहे. त्या दिवशी दारात माझ्या नावाचं पाकीट आलं आणि त्या माणसाने सही माझीच मागितली. संतोषची चालेना. तेवढ्यानेच माझं पोट भरलं.

पहिला महिना तुझ्या मधल्या खोलीत काढीन म्हणते. माझी इथली गिऱ्हाइकं शेजारच्या दुर्गाबाईंकडे सोपवायला लागले आहे. भाऊजींना नमस्कार सांग. माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, ती पातळ मात्र होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
पूर्णिमा


कर्वेनगर, पुणे
१२ जानेवारी २०२४

चि. पूर्णिमास,
अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. वाचून फार आनंद झाला. इतका की यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं, यांनी मधलं काही गाळलं तर नाही ना म्हणून. काही गाळलं नव्हतं.

सोबत हलव्याची पुडी आहे. घरचा आहे, काटा चांगला आलाय. संक्रांत सोमवारी, तोवर पोचेलसं वाटतं.

माझ्या आजारपणात तू गठ्ठा शिवून दिलास त्याचे उपकार आहेतच. ताप एकीला आला आणि गुण दुसरीला, असं हे म्हणाले. यांना कुठे काय बोलावं हे चाळीस वर्षांत कळलं नाही, आता काय कळायचं. नऊ वर्षं मी रणजितचं काम करते. त्याच्या लेखी मी गोदामावशी. मावशी, उद्या मिळेल का. मावशी, काज नीट करा. तुझ्या आधीच्या कोंडीराम मास्तरांनी कात्री ठेवली तेव्हा मला आपलं वाटलं होतं की आता तो घरी येऊन विचारील. चहाचे नवे कप धुऊन ठेवले होते. असो. सदुसष्टाव्या वर्षी, बहिऱ्या बाईला कुठे जमणार होतं ते. तुझं वय लहान, तुझे हातपाय चालतात, तुलाच ते शोभतं.

तू विचारलं नाहीस, पण मोठी बहीण म्हणून चार गोष्टी सांगितल्याशिवाय माझा घास उतरायचा नाही. कारखाना तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना असा की उतरताना देव आठवतो. मुली निम्मं इंग्रजीत बोलतात. आपल्या वऱ्हाडी बोलण्याला तोंडावर हसणार नाहीत, पुण्यात तेवढी रीत आहे. तू जिना उतरलीस की हसतील. इथे काम बिघडलं तर कोणी ओरडत नाही, फक्त वा, छान, एवढं म्हणतात. त्याने माणूस जास्त मरतो.

आणि एक गोष्ट सांगणार नव्हते. कोंडीराम मास्तर बावीस वर्षं तिथे होते. एकदा त्यांच्या हातून एक गठ्ठा चुकीचा कापला गेला. रणजितने त्यांना सगळ्या मुलींच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि एकेक टीप उसवायला लावली. दुपारभर. संध्याकाळी त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि जिना उतरले ते परत चढले नाहीत. लोक म्हणतात डोळ्यांमुळे काम सोडलं. लोकांना काय, काही तरी म्हणायला लागतं.

मधली खोली तुझीच आहे, त्यात विचारायचं काय. फक्त त्यात आता माझं मशीन आहे, यांची खुर्ची आहे, आणि यांचं घोरणं भिंतीला जुमानत नाही. पाणी साडेपाचला येतं.

मी कोण अडवणारी. सही तर तू करून मोकळी झालीस. आनंद आहे, फार आनंद आहे. संतोष, चैताली यांना आशीर्वाद. मी लिहिते ते प्रेमापोटी, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी,
ताई


कारंजा
१८ जानेवारी २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. हलवा मिळाला. इथे सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. मला तो पत्र वाचण्याआधी गोड लागला.

तीन रात्री नीट झोप नाही. जिन्याचं काही नाही, मी इथे धान्याची पोती माडीवर चढवली आहेत. हसण्याचंही नाही. मी बोलले की चैतालीसुद्धा हसते. पण कोंडीराम मास्तरांचं वाचलं आणि हातातला खडू बाजूला ठेवला. तुला ठाऊक आहे माझं. शाळेत बाईंनी चूक केली म्हणून फळ्यासमोर उभं केलं होतं, त्यानंतर मी आठवीत गेलेच नाही. आबांनी काहून जात नाही म्हणून मारलं, तरी गेले नाही. चूक मला सोसते. चारचौघींत ती उसवत बसणं नाही सोसायचं.

आणि आता सगळ्या गल्लीला कळलं आहे. संक्रांतीला आलेल्या बायकांनी माझा पुण्याचा पत्ता मागून नेला. चैतालीने नवी बॅग आणली, चाकांची. संतोषने त्या बॅगेवर माझं नाव लिहिलं, हरवू नये म्हणून. दुर्गाबाईंकडे सगळी गिऱ्हाइकं गेली, त्या खूश आहेत. मी रोज दुपारी जुन्या चादरी कापून सराव करते. हात बरोबर चालतो. पण कात्री लागली की मला तो स्टूल दिसतो.

रणजित फोनवर चांगला बोलतो. मी चष्मा कितीचा लावते तेही त्याने विचारलं, दिव्याची सोय करायला. पण फोनवर कोण वाईट बोलतं. तू त्याला नऊ वर्षं ओळखतेस. तू जा म्हणालीस तर जाईन, राहू दे म्हणालीस तर राहू देईन. सह्या झाल्या आहेत, त्यांचं काय करायचं तेही तूच सांग. मी कुणाला विचारत नाही, संतोषलाही नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
पूर्णिमा


कर्वेनगर
२३ जानेवारी २०२४

चि. पूर्णिमास,
अ. उ. आ. घाईत लिहिते, हे पोस्टाकडे निघाले आहेत.

जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नको असं मी म्हणणार नाही, उद्या माझ्या माथी नको. पण ज्या कामाच्या आधीच झोप उडाली ते काम अंगी लागत नाही, एवढं मी आयुष्यात शिकले. सही म्हणजे काही सप्तपदी नव्हे. रुजू व्हायचं नसेल तर लेखी कळवा, असं कुठे तरी लिहिलेलं असतंच, चैतालीला बघायला सांग. तब्येतीचं कारण द्यावं. तब्येतीला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. गुडघे म्हण.

तू ये ना इकडे, अशीच ये, चैत्रात महिनाभर राहा. दोघी मिळून पापड करू. बहिणीकडे यायला करारपत्र कशाला लागतं.

कोंडीराम मास्तरांचं मात्र रणजितला किंवा कुणाला विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल.

काळजी घे, आणि माझ्या मायेची शंका घेऊ नकोस.

ताई


कारंजा
२ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. तू म्हणालीस तसं केलं.

सत्तावीस तारखेला कागद लिहिला, गुडघ्यांचं कारण दिलं, खाली सही केली. या वेळी एकदाच करायची होती, तीही वाकडी आली. चैतालीने त्याचा फोटो काढून रणजितला पाठवला आणि मग माझ्याशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, ताई. तो ओरडला नाही. गुडघे दुखत असतील तर कापायचं टेबल तळमजल्यावर आणतो म्हणाला. पगारात काही खटकलं का, विचारलं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या चाळीस नऊवाऱ्या त्याने माझ्या भरवशावर घेतल्या आहेत, नाचणाऱ्या मुलींच्या, आणि तसा जोड त्याच्याकडे कुणाला जमत नाही. मी नाही नाही म्हणत राहिले. शेवटी म्हणाला की बरं मावशी, तब्येत सांभाळा. आधी मॅडम म्हणत होता.

काल एक तारीख. पहाटे आपोआप जाग आली. अंघोळ केली, रुजू व्हायला म्हणून इस्त्री करून ठेवलेली साडी नेसले आणि पलंगावर बसून राहिले. नऊ वाजता चैतालीने चहा दिला. तिने साडीकडे बघितलं आणि कप ठेवून आत गेली. दुर्गाबाईंकडे गिऱ्हाइकं परत कशी मागू, तेवढं तोंड नाही. संतोषने बॅग माळ्यावर टाकली.

रणजितने फोनवर विचारलं की तो जोड मला कुणी शिकवला, त्यांनाच बोलावतो. मी तुझं नाव सांगितलं. खरं तर त्यात एक गोष्ट आहे, ती तुला कधी सांगितली नाही. अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तू मला शिवायच्या नऊवारीचा कागद कापून पाठवला होतास ना, त्यात आसन दोन बोटं कमी होतं. मी पहिली नऊवारी शिवली आणि मुलगी बसताच टर्रकन फाटली. तुझ्या हातून माप चुकलं होतं, माणूस आहे, चुकतंच. तुला विचारायचा संकोच वाटला. मग मी शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा कापून खाली जोडला. ते इतकं छान बसलं की पुढे पूर्ण मापाच्या कापडालाही मी तो जोड देत गेले. रणजितला आवडला तो हाच. तेव्हा एका अर्थी ती तुझीच शिकवण. तुझी चूक मी कधी कुणाला सांगितली नाही, तू निर्धास्त राहा.

बाकी ठीक. तुझा सल्ला ऐकला म्हणजे बरंच झालं असेल, असं स्वतःला रोज सांगते. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
पूर्णिमा


कर्वेनगर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. पूर्णिमास,
आशीर्वाद लिहायला आज हात कचरतो, तरी लिहिते. तो खरा आहे. पुढचं सगळं पुरतं वाचून मग तो घ्यायचा की नाही ते ठरव.

गेल्या रविवारी रणजित घरी आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी नवे कप काढले. मला वाटलं, आता विचारतो. दाराशी त्याची चप्पल बघून माझं मन कुठल्या कुठे गेलं, कात्री कोणती न्यायची ते सुद्धा मी ठरवून टाकलं. त्याने चहाचा एक घोट घेतला, आसनाच्या जोडाचं काही विचारलं, ते मला ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाला की मावशी, तुमच्या बहिणीला समजवा, त्या तुमचं ऐकतात. मी त्याला सांगितलं की तिचे गुडघे पार गेले आहेत, ती आता काही उठत नाही. तुझ्या धडधाकट गुडघ्यांविषयी मी असं बोलले. त्याने कप अर्धा ठेवला आणि गेला.

शुक्रवारी कोंडीराम मास्तर आले, नातवाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, काळा चष्मा, चेहरा प्रसन्न. दवाखान्यात दोन्ही वेळा रणजितच बरोबर होता, मुलगा पोचायच्या आत, हे त्यांनी तासभर सांगितलं. स्टूल नाही, उसवणं नाही, काही नाही. त्यांना मुळात कधी कोणी बसवलंच नव्हतं. ते मी रचलं होतं. फळ्यासमोरची गोष्ट मला आठवत होती, पूर्णिमा. आठवत होती म्हणूनच तसं रचलं.

तुझं अठरा तारखेचं पत्र यांनीच मला वाचून दाखवलं होतं. त्यामुळे मास्तर गेल्यावर यांना काही सांगावं लागलं नाही. यांनी चपला घातल्या आणि म्हणाले की चाळीस वर्षं तुझी पत्रं आत काय आहे ते न विचारता पेटीत टाकली, आता पेटी तू स्वतः शोध, चौकात आहे, लाल रंगाची. त्या दिवसापासून माझ्याशी मोजून बोलतात. मीठ दे, एवढं.

आता दुसरं. त्या कागदात माप चुकलं नव्हतं. दोन बोटं मी पट्टीवर मोजून कमी कापली. त्या दिवाळीत आई स्वयंपाकघरात भाजी परतता परतता म्हणाली होती की पूर्णीचा हात गोदीपेक्षा सरळ आहे. एवढंच म्हणाली, मागे वळूनही बघितलं नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं गं. सासूबाईंच्या जुन्या चोळ्या चोरून उसवायच्या आणि पहाटेच्या आत परत शिवून ठेवायच्या, असं मी शिकले. पकडले गेले तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. आणि तुला मी पाकिटातून आयतं पाठवत होते, आणि हात तुझा सरळ. मी ठरवलं होतं की तू विचारशील, मग मी अगं बाई चुकलंच म्हणून पुरा कागद पाठवीन. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं तुझं काम बिघडलं असेल. खरं लिहायचं म्हणजे, मला बरं वाटलं.

आणि तू त्यातूनच असं काही काढलंस की ते मला आजवर सुचलं नाही. परवा तुझं पत्र वाचून मी एक नऊवारी घेऊन बसले आणि तो शंकरपाळ्याचा तुकडा जोडून पाहिला. तिसऱ्या खेपेला जमला. फार सुंदर बसतो. मला रडू आलं, पण ते चांगलं रडू नव्हतं. जळफळाटाचं होतं.

शनिवारी मी नारायण पेठेत गेले. जिना चढले, वाटेत दोनदा बसले. रणजित मला आतल्या खोलीत चला म्हणत होता, पण आधी सांगून टाकलं नसतं तर मी तशीच परत फिरले असते. मशीनं चालू होती, मला माझा आवाज ऐकू येईना, म्हणून मी मोठ्यानं बोलत गेले. बोलता बोलता लक्षात आलं की मशीनं कधीच थांबली आहेत आणि पंधरा मुली ऐकताहेत. थांबून काही उपयोग नव्हता. कोंडीराम मास्तरांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, हे सगळं माझ्या बहिणीने नव्हे, मी केलं, हे सांगितलं. त्याने पाणी दिलं. वा, छान, असं म्हणाला असता तर मी समजले असते. तो म्हणाला नाही.

तुझं करारपत्र त्याने फाडलेलं नाही, खणात आहे. वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. चाळीस नऊवाऱ्यांना त्यापुढे वेळ नाही. पण तू स्वतः फोन करायचा, माझ्याकडून निरोप चालणार नाही, असंही म्हणाला, आणि ते बरोबरच आहे. निघताना नेहमीसारखा गठ्ठा दिला. तो का दिला ते मी विचारलं नाही.

हे पत्र मीच पेटीत टाकणार आहे. माया ठेव असं आज लिहीत नाही.

गोदा


कारंजा
१६ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी गच्चीवर बसून एकटीने वाचलं. मग खाली येऊन चैतालीकडून फोन मागितला आणि रणजितशी बोलले. बावीस तारखेला रुजू होते. बॅग माळ्यावरून काढली.

मी तुझ्याकडे राहणार नाही. कारखान्याच्या पलीकडे दोन घरं सोडून सुशीलाबाई म्हणून एक बाई आहेत, त्या खोली आणि जेवण देतात. रणजितने ठरवून दिलं. तुला वाटेल मी रागाने असं करते. रागानेच करते.

दोन बोटांचा मला राग नाही. स्टुलाचा आहे. मी कशाला घाबरते हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं, त्यातली दोन आता नाहीत.

तू खरं लिहिलंस म्हणून मीही एक लिहिते. तुला तेव्हा विचारायचा संकोच वाटला, हे मी खोटं लिहिलं होतं. तुला पुणं मिळालं, भाऊजींसारखा माणूस मिळाला, आबा बोलताना तुझं नाव आधी घ्यायचे. तुझ्या हातून चुकलं आहे आणि ते फक्त मला माहीत आहे, याचं मला सुख होतं. पंचवीस वर्षं ते जपलं. विचारलं असतं तर ते संपलं असतं. तेव्हा फार शहाणी मीही नाही.

भाऊजींना म्हणावं, मीठ मागताना जरा जास्त बोला.

पूर्णिमा


कर्वेनगर
१६ एप्रिल २०२४

चि. पूर्णिमास,
अ. उ. आ. वि. वि. लिहायच्या आधीच पाकिटाला तिकीट लावायला गेले, तर पोस्टातला माणूस पत्ता बघून म्हणाला की आजी, नारायण पेठेला बसने लवकर पोचाल. मी म्हटलं की मला बोलावलेलं नाही. त्याने तिकीट लावून दिलं.

पाडव्याला मी शोभायात्रा बघायला उभी होते, तुला दिसले नसेन. तुझ्या चाळीस मुली आल्या. चौकात त्यांनी फुगड्या घातल्या, दंड बैठकांसारखं काही तरी केलं, शेवटी सगळ्या एकदम मांडी घालून खाली बसल्या. मी बाकी काही बघत नव्हते, आसनंच बघत होते. एकीचंही ओढलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं की इतक्या छान कुणी शिवल्या असतील. मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीने कापल्या. आणि लागलीच सांगितलं की त्यातल्या नऊ मी शिवल्या आहेत. तिने विचारलं नव्हतं.

गठ्ठे आता तुझ्या हातचे कापून येतात, वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी असते. टीप घट्ट ओढू नये. जोड आधी कच्चा घालावा. पहिली चिठ्ठी वाचली तेव्हा माझा जीव असा पेटला की गठ्ठा दोन दिवस उघडला नाही. ज्या पोरीला मी सुईत दोरा ओवायला शिकवलं, ती मला टीप सांगणार. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीत होतं तसंच शिवलं. मुली तुला मॅडम म्हणतात, हे गठ्ठा आणणाऱ्या मुलीकडून कळलं. मला अजून मावशीच म्हणतात. त्या शनिवारनंतर जरा हळू म्हणतात, एवढाच फरक.

त्या मुलीकडूनच असंही कळलं की सुशीलाबाई तुझा डबा वर पोचवतात, तुझ्या केसांना तेल लावून देतात आणि पूर्णिमा म्हणजे माझी पाठची बहीणच, असं सगळ्यांना सांगत फिरतात. ऐकून मी भाजी करपवली. यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि जेवण झाल्यावर म्हणाले की मुख्य कटिंग मास्तरांच्या घरी करपलेलं जेवण मिळत नसेल. हे आता पहिल्यासारखं बोलायला लागले आहेत, हे त्यातलं चांगलं.

पूर्णिमा, मी तुझी माफी त्या पत्रात मागितली नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं. इतकं सगळं लिहिलं आणि तेवढंच राहिलं. आता मागते. ती मागितल्याने मला वाटतं ते गेलेलं नाही. सकाळी मशीनवर बसले की आधी तुझी खुर्ची डोळ्यांपुढे येते, खिडकीजवळची, आणि तोच जळफळाट सुरू होतो. मग हळूहळू काम लागतं आणि तो कमी होतो. दुपारपर्यंत तुझं कौतुक वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. या वयात एवढं सुधारणं पुष्कळ झालं, असं यांचं मत आहे. पूर्ण जाईल तेव्हा कळवीन. तोवर थांबू नकोस.

येत्या रविवारी जेवायला ये. झुणका करते, आपल्याकडचा, तिखट, भाकरी ज्वारीची. मधल्या खोलीतली यांची खुर्ची बाहेर काढली आहे. रात्री राहिलीस तर बरं, नाही राहिलीस तर हे तुला बसपर्यंत सोडतील.

एकटी ये. सुशीलाबाईंना आणू नकोस.

तुझी,
ताई